विलंब असलेल्या लूपचं मजबूत नियंत्रण : स्मिथ, एच-इन्फिनिटी की साधा पीआय?

चुनखडी
मंडळी, मदत हवी आहे. मी एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. सल्फिटरमधून (उसाच्या रसात चुना आणि गंधकाचा धूर मिसळून तो साफ करायची टाकी) बाहेर पडणाऱ्या रसाचा पीएच ७.० ते ७.१ मध्ये ठेवायचा असतो. गंधकाची भट्टी गाळपाच्या मानाने चालते, पीएच सांभाळायचा तो चुन्याच्या व्हॉल्व्हने. पीएच सातच्या खाली घसरला की गरम रसात साखर इन्व्हर्ट होऊन (फुटून) वाया जाते, वर गेला की रसाचा रंग चढतो आणि पुढे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत खपली धरते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

गाळप पूर्ण क्षमतेने चालू असेल तेव्हा लूप (पीएच मोजून व्हॉल्व्ह हलवणारी साखळी) थोडा डुलतो, पण चालतो. उसाची आवक कमी झाली किंवा मिल चोक होऊन गाळप निम्म्यावर आलं, की चुन्याचा व्हॉल्व्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लागतो. मग शिफ्ट केमिस्ट लूप मॅन्युअलला टाकतात आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहतो.

इलेक्ट्रोड सल्फिटरपासून लांब, पंपाच्या पुढच्या पाइपात आहे. त्यामुळे चुना वाढवला तरी बराच वेळ पडद्यावर काहीच हलत नाही. रसाचा प्रवाह कमी झाला की हा विलंब वाढतो. वाचायला बसलो तर स्मिथ प्रेडिक्टर, एच-इन्फिनिटी, लायापुनोव्ह-क्रासोव्स्की अशी मोठमोठी नावं समोर आली. माझा प्रश्न एवढाच : विलंब स्वतःच बदलत असेल, तर यातलं नेमकं काय टिकतं? हाताशी पीएलसी (कारखान्याचा नियंत्रण-संगणक) आहे, त्यात पीआयडी ब्लॉक (पीएचमधल्या फरकाच्या आणि साठत गेलेल्या फरकाच्या, म्हणजे इंटिग्रलच्या, मानाने व्हॉल्व्ह हलवणारा नेहमीचा कंट्रोलर; पीआय ही त्याचीच साधी आवृत्ती) आहे आणि थोडं लॉजिक लिहिता येतं.

रात्रपाळी
आमच्या कारखान्यात यावर एकच मजबूत नियंत्रण आहे. त्याचं नाव मॅन्युअल. :)
वाचतोय. उत्तर मिळालं तर मलाही हवंय.

फेजमार्जिन
चांगला प्रश्न. आधी आकडे द्या, त्याशिवाय सगळी चर्चा हवेत. व्हॉल्व्ह एकदम थोडा उघडून तसाच सोडा आणि ट्रेंड बघा. पीएच हलायलाच किती वेळ लागतो तो विलंब. हलायला लागल्यावर एकूण बदलाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला किती लागतो तो टाइम कॉन्स्टंट. आणि सध्या पीआयचं ट्यूनिंग कुठल्या नियमाने केलंय तेही सांगा.

तोवर विलंबाचा स्वभाव सांगतो. शुद्ध विलंब सिग्नलची उंची कमी करत नाही, फक्त त्याला मागे ढकलतो. फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितका फेज (झोक्याचं चक्रातलं स्थान, अंशांत) मागे, आणि याला खालची मर्यादा नाही. साध्या लॅगमध्ये (टाइम कॉन्स्टंटमुळे येणाऱ्या सुस्तीत) फेज ९० अंशांवर थांबतो आणि सोबत सिग्नलही बारीक होत जातो, म्हणून लॅग त्रास देत नाही. विलंबात ती सवलत नाही. त्यामुळे कुठलाही कंट्रोलर आणा, लूपचा वेग साधारण विलंबाच्या व्यस्ताइतकाच राहणार. ९० सेकंदांचा विलंब असेल तर १० सेकंदांत पीएच दुरुस्त करून दाखवणारा अल्गोरिदम जगात नाही.

चुनखडी
धन्यवाद साहेब. पूर्ण गाळपाला विलंब सुमारे ९० सेकंद, टाइम कॉन्स्टंट सुमारे २४० सेकंद. निम्म्या गाळपाला विलंब जवळपास १८० सेकंद झाला. टाइम कॉन्स्टंट तेव्हा नीट काढता आला नाही, लूप डुलतच होता. ट्यूनिंग आधीच्या इंजिनिअरने झीग्लर-निकोल्सने केलेलं आहे.

फेजमार्जिन
इथेच अर्धं उत्तर आलं. झीग्लर आणि निकोल्स यांचे नियम १९४२ चे. प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या एक चतुर्थांश व्हावा, एवढ्यावरच त्यांनी समाधान मानलं. गडबड झाली की ती झटकन दाबणं हा त्यांचा हेतू होता. तुमच्या आकड्यांवर त्यांचा पीआय लावला तर लूप गेन २.४ आणि इंटिग्रल वेळ ३०० सेकंद येतो. पूर्ण गाळपाला फेज मार्जिन ४४ अंश आणि गेन मार्जिन १.८ च्या आसपास (लूप अस्थिर व्हायच्या आत फेज किती अंश आणि गेन किती पट बदलू शकतो ते). प्रोसेसचा गेन (व्हॉल्व्ह तेवढाच हलवला तर पीएच किती हलतो ते) दुपटीने वाढला तर खेळ खलास, आणि पीएचच्या लूपमध्ये गेन दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

नॉर्वेच्या सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये जे सोपे नियम दिले ते वापरून बघा. तुमच्या आकड्यांवर लूप गेन १.३३ आणि इंटिग्रल वेळ २४० सेकंद. फेज मार्जिन ६१ अंश, गेन मार्जिन ३.१४. आणि महत्त्वाचं म्हणजे विलंबाचं मार्जिन : बाकी काही बदललं नाही तर विलंबात आणखी १९० सेकंदांची भर पडेपर्यंत लूप स्थिर राहतो. मजबूत नियंत्रण म्हणजे माझ्या मते हेच. पदवीच्या अभ्यासक्रमातलं फेज मार्जिन, नीट वापरलेलं.

क्रासोव्स्की_फॅन
नमस्कार, मी याच विषयात पीएचडी करतेय, म्हणून राहवलं नाही.

फेजमार्जिन सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ते मार्जिन स्थिर विलंबासाठी आहे. विलंब आज ९० सेकंद, उद्या दिवसभर १८० सेकंद, असं असेल तर ठीक. पण मिल अचानक थांबते तेव्हा विलंब चालू लूपमध्येच बदलत जातो. प्रत्येक क्षणी गोठवलेलं चित्र स्थिर दिसलं म्हणून संपूर्ण हालचाल स्थिर असतेच असं नाही. लायापुनोव्ह-क्रासोव्स्की पद्धत याचसाठी आहे. १९५० च्या दशकात क्रासोव्स्कींनी दाखवलं की विलंब असलेल्या प्रणालीची स्थिती म्हणजे या क्षणाचा एक आकडा नव्हे, विलंबाइतका मागचा सगळा इतिहास हीच तिची स्थिती. चुनखडी, तुमच्या बाबतीत सल्फिटर ते इलेक्ट्रोडपर्यंतच्या पाइपात भरलेला सगळा रस आणि त्यातल्या प्रत्येक थराचा पीएच, ही खरी स्थिती. इलेक्ट्रोडला त्यातला फक्त शेवटचा थर दिसतो.

त्या इतिहासावर ऊर्जेसारखं एक फंक्शनल बांधायचं आणि ते घटतच जातं हे सिद्ध करायचं. ही अट मॅट्रिक्स असमानतेच्या रूपात मांडता येते, मग संगणक काही सेकंदांत ती सोडवून देतो. विलंब किती आणि किती वेगाने बदलतो, या दोन मर्यादा दिल्या की हमी मिळते.

फेजमार्जिन
हमी मिळते, मान्य. पण किती हात राखून? या अटी पुरेशा असतात, आवश्यक नसतात. अट पूर्ण झाली नाही याचा अर्थ लूप अस्थिर आहे असा होत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच उदाहरणांत एवढा हात राखला जातो की शेवटी कंट्रोलर झोपतो. आणि मॉडेल कुठून आणणार? कारखान्यात गेन ३० टक्क्यांपर्यंत कळला तरी नशीब.

क्रासोव्स्की_फॅन
हात राखण्याचा मुद्दा जुन्या अटींना लागू होता. २००० च्या सुमारास येन्सेनची असमानता वापरात आली, २०१३ मध्ये फ्रान्सच्या स्युरे आणि गुएझबू यांनी विर्टिंगरवर आधारलेली अधिक घट्ट असमानता दिली. नेहमीच्या चाचणी-उदाहरणांत आता मिळणारी मर्यादा खऱ्या मर्यादेच्या अगदी जवळ असते.

मॉडेलचं म्हणाल तर मजबूत नियंत्रणाचा जन्मच मुळी मॉडेल चुकीचं असतं या गृहीतकावर झालाय. १९८१ मध्ये झेम्स यांनी एच-इन्फिनिटीची (मॉडेल ठरावीक मर्यादेपर्यंत चुकलं तरी टिकणारा कंट्रोलर काढायच्या पद्धतीची) मांडणी केली ती याचसाठी. आणि विलंबाची अनिश्चितता कागद-पेन्सिलीने तपासता येते, सॉफ्टवेअर लागत नाही. विलंब अंदाजापेक्षा जास्तीत जास्त किती चुकेल तो आकडा घ्या. चुनखडींच्या बाबतीत ९० सेकंद. त्यामुळे मॉडेलमध्ये येणारी सापेक्ष चूक कमी फ्रीक्वेन्सीला फ्रीक्वेन्सी गुणिले ९० इतकी असते, पुढे वाढत वाढत २ वर जाते. ही चूक १०० टक्के होते तिथपासून पुढे लूपने उत्तर दाबूनच ठेवलं पाहिजे. म्हणजे बँडविड्थ (लूप ज्या फ्रीक्वेन्सीपर्यंत काम करतो ती) साधारण एक भागिले ९० रेडियन प्रतिसेकंदाच्या आत. सर, तुमचा स्कोगेस्टाडचा लूप एक भागिले १८० वर आहे. दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात.

फेजमार्जिन
हे आवडलं. असं लिहिलंत तर कंट्रोल रूममध्येही चालेल.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीत रसायन कारखान्यात काम करतो. स्मिथ प्रेडिक्टरबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण चुनखडीने पहिलं नाव त्याचंच घेतलं होतं.

ऑटो स्मिथ हे बर्कलीचे प्राध्यापक, लेख १९५७ चा. कल्पना अशी की कंट्रोलरच्या आत प्रोसेसचं एक मॉडेल चालवायचं, पण विलंबाशिवाय. कंट्रोलर त्या मॉडेलच्या उत्तरावर काम करतो, त्यामुळे आत्ता घातलेल्या चुन्याचा परिणाम त्याला लगेच दिसतो. खऱ्या इलेक्ट्रोडचं माप आलं की ते विलंबित मॉडेलशी ताडून फक्त उरलेला फरक दुरुस्त करायचा. मॉडेल अचूक असेल तर विलंब लूपच्या बाहेर पडतो आणि गेन वाढवता येतो.

धोका या "अचूक असेल तर" मध्येच आहे. कागदावर गेन हवा तितका वाढवता येतो म्हणून लोक वाढवतात. पाल्मोर यांनी १९८० मध्ये दाखवलं की कागदावर सुस्थिर दिसणारा स्मिथ लूप विलंबातल्या अगदी नगण्य चुकीनेही अस्थिर होऊ शकतो. आमच्याकडे एका कॉलमवर असा प्रेडिक्टर होता. फीड बदललं की ऑपरेटर तो बंद करत. विलंब दुप्पट होणाऱ्या लूपवर स्थिर विलंबाचा स्मिथ बसवू नका, हे अगदी मनापासून सांगतो.

दुसरी गोष्ट, टाकीच्या पातळीसारख्या साठत जाणाऱ्या प्रोसेसवर मूळ स्मिथ वापरला तर बाहेरून आलेला कायमचा धक्का पूर्ण भरून निघत नाही, ऑफसेट उरतो. त्यासाठी सुधारित आवृत्त्या आहेत.

जुना पाटकरी
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. तुमचे ९० सेकंद वाचून कालवा आठवला. आमच्याकडे विलंब तासांत आणि दिवसांत मोजतात.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पाणी सेकंदाला एक मीटर धरलं तरी पैठणच्या हेड रेग्युलेटरपासून टेलपर्यंत जायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात, आणि कालवा कोरडा असेल तर आणखी जास्त. आवर्तन सुरू झाल्यावर टेलच्या गावातून निरोप आला की पाणी पोचलं नाही, म्हणून हेडचं गेट आणखी उचललं, तर ते जादा पाणी टेलला पोचेपर्यंत पहिलं पाणी पोचलेलं असतं. मग वरच्या चाऱ्या फुगतात, कुठे भराव खचतो. म्हणून जुने शाखा अभियंते नव्यांना एकच धडा देत : गेट हलवलं की थांबा, आणि किती थांबायचं ते मैलावर ठरतं.

यात एक गंमत आहे जी पुस्तकातल्या साध्या विलंबात नसते. दोन मीटर खोल पाणी सेकंदाला ०.८ मीटरने वाहत असेल, तर पातळीतली पहिली हलकी लाट सेकंदाला पाच मीटरच्या वर वेगाने पुढे पळते. दहा किलोमीटरवर ती अर्ध्या तासात जाणवते. पण वाढलेल्या पाण्याचा खरा लोट पाण्याच्या वेगाच्या साधारण दीडपट-पावणेदोनपट वेगाने येतो, त्याला दोन तास लागतात. खाली बसलेल्या माणसाला पातळी हललेली दिसते आणि तो समजतो, आलं पाणी. आलेलं नसतं.

क्रासोव्स्की_फॅन
पाटकरी काका, हे सोनं आहे! कालव्यांवर एच-इन्फिनिटी खरोखर वापरलंय. फ्रान्समध्ये लित्रिको आणि फ्रोमियों यांनी याच लाटांच्या समीकरणांवरून प्रत्येक टप्प्याचं मॉडेल काढलं आणि मोंपेलिएजवळच्या जिन्याक कालव्यावर कंट्रोलर चालवून पाहिले. प्रवाह कमी-जास्त झाला की टप्प्याचा विलंबही बदलतो, त्यामुळे त्यांच्यापुढेही प्रश्न चुनखडींचाच होता.

जुना पाटकरी
वाचायला हवं. पण पोरी, एक सांगतो. आपल्याकडे गेटला मोटर बसवून भागत नाही. खालच्या पातळीवरून वरचं गेट चालवायचं तर टप्प्यात साठा करायला जागा लागते, काठ तेवढे उंच लागतात. आपले कालवे वरून पाणी सोडायच्या हिशोबाने बांधलेत. तिथे मागणी आधी गोळा करायची आणि त्या मापाने, पोचायच्या वेळेआधी तेवढे तास पाणी सोडायचं, हाच उपाय. पाळीपत्रक हे आमचं नियंत्रण. पाणी वापर संस्था नीट चालते तिथे हे चालतं, मी पाहिलंय.

फेजमार्जिन
याला आमच्या भाषेत फीडफॉरवर्ड. विलंब मोठा असेल तिथे निम्म्याहून जास्त काम यानेच होतं.

शंकेखोर
मग चंद्रावर गाडी कशी चालवतात? तिथे तर विलंब कमी करताच येत नाही.

ऱ्हाइनकाठी
चंद्रापर्यंत सिग्नलला एका बाजूने सुमारे १.३ सेकंद. १९७० मध्ये सोव्हिएत लुनोखोद-१ पृथ्वीवरूनच चालवली, पण चित्रंही थांबून थांबून येत, त्यामुळे चालक थोडं चालवून वाट बघत. ज्याला 'हलवा आणि थांबा' म्हणतात ती पद्धत अमेरिकेत एमआयटीत फेरेल यांनी १९६५ मध्ये प्रयोगांतून मांडली होती. माणूस विलंबासमोर आपोआप असंच वागायला लागतो. पाटकरी काकांच्या अभियंत्यांचं थांबणं तेच.

मंगळावर एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, तिथे पृथ्वीवरून स्टिअरिंग धरायचा प्रश्नच नाही. आपल्या चांद्रयान-३ चं २३ ऑगस्ट २०२३ चं उतरणंही यानाने स्वतःच केलं. वेगवान लूप यानावर आणि संथ निर्णय पृथ्वीवर, अशी वाटणी. उलट टोकाला २००१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या शल्यचिकित्सकांनी स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय यंत्रमानवाने काढलं, तिथे विलंब १५५ मिलिसेकंदांच्या आसपास होता. तेवढा माणसाच्या हाताला झेपतो.

रात्रपाळी
चंद्र, मंगळ, पित्ताशय झालं. चुन्याचं काय? आमची नाइट सुरू व्हायची वेळ झाली.

गव्हाण
मी बरीच वर्षं साखर कारखान्यात प्रोसेसला आहे. सगळ्यांनी विलंबावरच लक्ष दिलंय म्हणून एक गोष्ट सुटतेय.

रस निम्मा झाला की विलंब दुप्पट होतो, पण गेनही दुप्पट होतो. व्हॉल्व्ह तेवढाच उघडला तर तेवढाच चुना आता निम्म्या रसात पडतो. फेजमार्जिन साहेबांचं 'बाकी काही बदललं नाही तर' इथे कोसळतं. विलंब आणि गेन वेगवेगळे बदलत नाहीत, दोघांचा मालक एकच, रसाचा प्रवाह. दोघांना वेगवेगळी अनिश्चितता धरून मजबूत कंट्रोलर काढलात तर तो नको इतका सुस्त होणार, आणि एकाकडेच बघितलंत तर फसणार.

फेजमार्जिन
बरोबर, पण पूर्ण नाही. चुनखडींचे २४० सेकंद कशाचे आहेत त्यावर ठरतं. ते सल्फिटरच्या टाकीत रस मिसळण्याचे असतील, तर प्रवाह निम्मा झाल्यावर तेही ४८० होतात. गेन दुप्पट, टाइम कॉन्स्टंट दुप्पट, म्हणजे सुरुवातीचा उतार तोच राहतो. स्कोगेस्टाडचे आकडे ठेवून मी हिशोब केला : निम्म्या गाळपाला फेज मार्जिन १० अंश. लूप कसाबसा तगतो, पण झोके मरता मरत नाहीत. झीग्लर-निकोल्स ठेवलं तर सरळ अस्थिर, जे चुनखडी रोज बघतायत.

पण ते २४० सेकंद इलेक्ट्रोडवर चढलेल्या खपलीचे असतील, तर प्रवाह बदलला तरी ते २४० च राहतात. मग स्कोगेस्टाडनेही निम्म्या गाळपाला लूप अस्थिर.

गव्हाण
मान्य. मग तपासा. इलेक्ट्रोड बाहेर काढा, ७ च्या बफरमध्ये स्थिर होऊ द्या, धुऊन ४ च्या बफरमध्ये टाका आणि घड्याळ लावा. साफ इलेक्ट्रोड काही सेकंदांत पोचतो. सल्फिटरनंतरच्या इलेक्ट्रोडवर कॅल्शियम सल्फाइटची पांढरी खपली लवकर धरते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, धुऊन परत तीच चाचणी घ्या.

आणि पहिला बदल हा करा : पीआयचं आउटपुट थेट व्हॉल्व्हला देऊ नका. त्याला रसाच्या प्रवाहाने गुणा. म्हणजे पीआय 'दर टन रसाला किती चुना' हे ठरवील आणि रस कमी झाला त्याच क्षणी चुनाही कमी होईल, पीएच बिघडायची वाट न बघता.

फेजमार्जिन
गव्हाण साहेबांच्या गुणोत्तराने काय होतं तेही मोजलं. गेन पुन्हा जागेवर येतो. निम्म्या गाळपाला फेज मार्जिन ३३ अंश, लॅग टाकीचा असो वा इलेक्ट्रोडचा. लॅग टाकीचा असेल तर इंटिग्रल वेळही प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात बदला, निम्म्या गाळपाला ४८० सेकंद. मग मार्जिन परत ६१ अंश. कुठल्याही प्रवाहाला ६१.

क्रासोव्स्की_फॅन
थांबा, यात त्याहून मोठी गोष्ट आहे!

वेळ सेकंदांत मोजण्याऐवजी पाइपातून गेलेल्या लिटरमध्ये मोजली तर? प्रवाह काहीही असो, सल्फिटर ते इलेक्ट्रोड हा विलंब लिटरमध्ये नेहमी तेवढाच, म्हणजे त्या पाइपात मावणारा रस. टाकीचा लॅगही लिटरमध्ये कायम, टाकीचं आकारमान. चुना रसाच्या प्रमाणात दिला तर गेनही कायम. संपूर्ण प्रणाली लिटरच्या घड्याळावर स्थिर विलंबाची, न बदलणारी प्रणाली होते.

म्हणजे मी वर जी शंका काढली होती, मिल अचानक थांबताना विलंब चालता-बदलता असतो ती, या घड्याळावर उरतच नाही. फेजमार्जिन सरांचे ६१ अंश बदलत्या प्रवाहालाही खरे ठरतात, गोठवलेल्या चित्राचं गृहीतक न घेता. प्रमेय सिद्ध करायला मी मॅट्रिक्स असमानता घेऊन बसले होते आणि इथे ती लागतच नाही.

ऱ्हाइनकाठी
सुंदर. आणि मग स्मिथलाही दरवाजा उघडतो. विलंबित मॉडेलची साठवण सेकंदाच्या ठोक्यावर न सरकवता दर ठरावीक लिटरला एक घर पुढे सरकवायची. विलंब ठाऊक आणि कायम. मी वर जी भीती घातली होती ती सेकंदांच्या स्मिथची होती.

तरी मी आधी पीआयच चालवीन. विलंब लॅगच्या निम्म्याहूनही कमी आहे, स्मिथने मिळणारा फायदा इथे मर्यादित. विलंब लॅगच्या कितीतरी पट असता तर वेगळं बोललो असतो.

शंकेखोर
मग मजबूतपणा कशासाठी उरला? सगळंच कायम झालं की.

गव्हाण
सगळं नाही. चुन्याचं बोमे (दाटपणा) शिफ्टप्रमाणे बदलतं, उसाच्या जातीप्रमाणे रस बदलतो, आणि सातच्या आसपास पीएचचा उतार तीव्र असतो. हे सगळं गेनमध्ये येतं आणि त्याचं मोजमाप कुणाकडे नसतं. ३.१४ चं गेन मार्जिन तिथे खर्ची पडतं. जे मोजता येतं ते मोजून बाजूला काढा, मार्जिन उरलेल्यासाठी राखून ठेवा.

चुनखडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

बफरची चाचणी घेतली. खपलीसकट इलेक्ट्रोडला दोन तृतीयांश बदल गाठायला दीड मिनिटाच्या वर लागत होता. आम्लाने साफ केल्यावर काही सेकंद. म्हणजे आमचे २४० सेकंद थोडे टाकीचे, थोडे खपलीचे होते. व्हॉल्व्ह थोडा उघडून ट्रेंड बघायची चाचणी साफ इलेक्ट्रोडवर परत घेतली आणि नवीन आकड्यांवर स्कोगेस्टाडचा पीआय लावला. इलेक्ट्रोड साफ करायचं काम आता शिफ्टच्या वहीत घातलंय.

गुणोत्तर पीएलसीत टाकलं आहे. परवा गाळप निम्म्यावर आलं तेव्हा पीएच एकदा ६.८ पर्यंत गेला आणि दोन-तीन झोक्यांत परत आला. व्हॉल्व्ह टोकाला गेला नाही. शिफ्ट केमिस्टनी लूप ऑटोलाच ठेवला, माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट.

लिटरच्या घड्याळाचं लॉजिक लिहून ठेवलंय, पुढच्या क्लीनिंगच्या थांब्यात टाकीन. एक अडचण : आमच्या रसाच्या फ्लोमीटरचा सिग्नल खूप नाचतो, आणि मिल पूर्ण थांबली की शून्याच्या आसपास थरथरतो. तेव्हा भागाकार आणि गुणाकाराचं काय होईल याची काळजी वाटते.

रात्रपाळी
आमच्याकडेही तेच. मिल थांबली की फ्लो उणे दाखवतो.

फेजमार्जिन
प्रवाहाच्या सिग्नलला फिल्टर लावा, पण पाइपातल्या विलंबाच्या मानाने छोटा, १०-१५ सेकंदांचा. मोठा लावलात तर गुणोत्तराचा फायदाच जाईल. आणि खालची मर्यादा घाला : पूर्ण प्रवाहाच्या २५ टक्क्यांखाली गेला की इंटिग्रल गोठवा, चुन्याचा व्हॉल्व्ह बंद, लिटरची मोजणी थांबलेली. रस हलत नाही तेव्हा इलेक्ट्रोडसमोर तोच थर उभा असतो, त्या मापावर इंटिग्रल चढत गेला तर मिल सुरू झाल्याबरोबर चुन्याचा लोट जाईल.

गव्हाण
आणि सुरू होताना इंटिग्रल थांबायच्या आधीच्या गुणोत्तरावरूनच पुढे न्या, शून्यावरून नको. गोठवलेला इंटिग्रल पुन्हा चालू करायचा तो पाइपातला जुना रस इलेक्ट्रोडपुढून निघून गेल्यावर. तुमच्या लिटरच्या मोजणीत ते आपोआप कळेल. थांब्यानंतर ट्रेंड टाका इथे, उणे फ्लोचं रात्रपाळीबरोबर त्याच वेळी बघू.